मैनेच्या जिवावरचा रतीब

आमच्या दूध संघातली सर्व्हर रूम ही मुळात तुपाच्या डब्यांची खोली. अजूनही पावसाळ्यात भिंतींना तुपाचा वास सुटतो आणि नवीन माणूस आत आला की आधी इकडेतिकडे हुंगतो. त्या खोलीत अकरा वर्षं मैना होती. मैना म्हणजे संघाचा सर्व्हर, गावोगावच्या दूध संस्थांच्या नोंदी जिथे येऊन पडतात ते मुख्य यंत्र. नाव मी ठेवलं होतं. कोल्हापुरात गंगावेशीतल्या आमच्या गोठ्यात त्या नावाची एक म्हैस होती. घरच्या माणसानं धार काढो की परक्यानं, तिनं कधी पान्हा चोरला नाही. यंत्रही तसंच निघालं.

मी संयोगिता, संघाच्या संगणक विभागाची प्रमुख. प्रमुख हा शब्द ऐकायला बरा वाटतो. विभागात मी, प्रीती आणि एक कुरकुरणारा प्रिंटर एवढेच आहोत. प्रीती बिद्रीकडची, कंत्राटावर आलेली, बोलते कमी आणि काम माझ्यापेक्षा नीट करते. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण माझा स्वभाव. माझ्या स्वभावाबद्दल संघात बरंच बोललं जातं आणि त्यातलं निम्मं खरं आहे.

काम सांगायला सोपं आहे. गावात सकाळी आणि संध्याकाळी माणसं किटली घेऊन संस्थेच्या दारात रांगेत उभी राहतात. दूध मापलं, फॅट लागली, की नोंद त्याच क्षणी आमच्याकडे येते आणि तिकडे पावती निघते. नोंद अडकली की पावती अडकते, पावती अडकली की रांग अडकते, आणि रांग अडकली की संस्थेचा सचिव मला फोन करतो. आमच्याकडची माणसं अशा वेळी फोनवर काय बोलतात ते लिहिण्यासारखं नाही. त्यामुळे रोज सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात फोन माझ्या हातात असायचा, लग्नकार्यात, दवाखान्यात, जेवताना. मैना अडली की मी धावायचे. तिच्या खोडी मला एकटीला माहीत होत्या. कुठलं काम आधी उठवायचं, कुठलं मागून, उठवल्यावर किती वेळ हाताची घडी घालून बसायचं, हे कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं.

दरवर्षी खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात तशी संघात मैनेची पूजा व्हायची. हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी भक्तिभावानं इतका दणकट हार घातला की हवा आत घेणारी जाळीच झाकली गेली आणि ऐन संध्याकाळच्या संकलनात मैना तापली. मी हार काढून फेकला, टेबलफॅन लावला आणि दोन तास तिच्या शेजारी स्टूल टाकून बसले. दुसऱ्या दिवशी अमरसिंह साहेबांनी, म्हणजे आमच्या कार्यकारी संचालकांनी, मला बोलावून सांगितलं की एका झेंडूच्या हारानं जिल्ह्याचं दूध अडत असेल तर हे काही खरं नाही, दुसरी व्यवस्था बघ.

ती दुसरी व्यवस्था मी आणि प्रीतीनं दीड वर्ष खपून उभी केली. तिला कुबरनेटिस म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट साधी आहे. एकेक काम आपापल्या डब्यात भरायचं, त्याला मीठमिरचीपासून लागेल ते सगळं त्याच डब्यात. या डब्याला कंटेनर म्हणतात. मग तीन यंत्रं घ्यायची, दोन आमच्या खोलीत आणि एक भाड्याचं, दूर कुठेतरी क्लाउडमध्ये. कुठला डबा कुठे उघडायचा ते ही व्यवस्था ठरवते आणि एखादं यंत्र पडलं तर त्याच्यावरचे डबे दुसऱ्यावर उघडते. माणसानं धावायचं कारण नाही. यंत्रांना आम्ही नावं दिली नाहीत. एक, दोन, तीन.

अमरसिंह साहेब तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. त्यांना मी म्हटलं, खोलीत या, चालवून दाखवते. ते म्हणाले, "कुस्ती तालमीत न्हाय बघायची. मैदानात बघायची." आता संगणकाचं मैदान कुठलं, तर दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी राजारामपुरीतल्या एका क्लासच्या वरच्या हॉलमध्ये शहरातले संगणकवाले जमतात, त्याला मीटअप म्हणतात. साहेबांनी अट घातली ती अशी. ज्यांना यातलं कळतं त्या लोकांसमोर संघाच्या चाळीसही संस्थांचं संध्याकाळचं खरं संकलन नव्या व्यवस्थेवर चालवायचं, मैना पूर्ण बाजूला ठेवायची, आणि चालू कामात एक यंत्र मुद्दाम बंद पाडायचं. एकाही सचिवाची तक्रार आली नाही तर काम आमच्याकडे आणि प्रीतीचं कंत्राट पुढे चालू. तक्रार आली तर दिवाळीनंतर सगळं मुंबईच्या एका कंपनीकडे. मी मान डोलावली.

आणि आदल्या दिवशी, शुक्रवारी, प्रीती घरी गेल्यावर मी एक लबाडी केली. नोंदी ज्या दारातून आत येतात तिथल्या नियमांमध्ये एक ओळ घातली. नव्या व्यवस्थेनं तीन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर नोंद गुपचूप मैनेकडे जाईल, अशी. पडद्यावर कुणाला काही दिसणार नव्हतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं मी स्वतःला समजावलं. पण खरं कारण वेगळं होतं. नव्या व्यवस्थेनं माझं तोंड एकदाही पोळलं नव्हतं. मला मैनेशिवाय उभं राहायची सवय नव्हती, आणि भीती वाटत होती, एवढंच.

शनिवारी चार वाजता हॉल भरला. ऐंशी खुर्च्या, वर खिडकीत बसलेले आठदहा. इंजिनिअरिंगची मुलंमुली, पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांचं काम घरून करणारे, शिरोलीच्या एका फाउंड्रीत संगणक सांभाळणारे एक गृहस्थ. इतर गावांत मीटअपला कॉफी असते, आमच्याकडे मसाला दूध असतं. ते दूध आमच्या गोठ्यातलं. आबा, म्हणजे माझे वडील सयाजी, दोन कॅन स्कूटरला अडकवून घेऊन आले. कॅन उतरवून ते परत जातील असं मी धरून चालले होते. ते शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले. मी भुवया उडवल्या तर म्हणाले, हितं पंखा चांगला हाय. अकरा वर्षांत मी नेमकं काय करते ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं आणि मीही कधी दाखवलं नव्हतं.

माझ्याआधी पाहुण्याचं भाषण होतं. पाहुणा राजवीर, बेंगळुरूचा, मोठ्या कंपनीत क्लाउडचं बघणारा, आजोळ इथलंच. आता कोल्हापुरात पाहुण्याच्या डोक्याला फेटा बांधल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही, मग तो कार्यक्रम क्लाउडचा का असेना. फेटा बांधणारा उशिरा आला. मग शाल, मग नारळ, मग तिघांची मनोगतं. पाहुणा बोलायला उभा राहिला तेव्हा पावणेपाच वाजले होते. फेटा काढणं बरं दिसत नाही असं कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं असावं, कारण तो बिचारा शेवटपर्यंत तसाच बोलला आणि दर पाच मिनिटांनी तो कानावरून वर सारत राहिला.

बोलला मात्र छान. शब्दांचे फुलोरे नाहीत, आपण केलेल्या चुका आधी सांगितल्या. मला आवडला. मग तो म्हणाला की आमच्या धंद्यात एक म्हण आहे. सर्व्हर म्हणजे लाडानं पाळलेलं कुत्रं समजू नका, गोठ्यातलं जनावर समजा. कुत्र्याला नाव असतं, जनावराला नंबर द्यायचा. कुत्रं आजारी पडलं तर आपण डॉक्टरकडे धावतो. जनावर आजारी पडलं तर गोळी घालायची आणि दुसरं आणायचं.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. त्या ऐंशी जणांतल्या निम्म्यांच्या घरी गोठा. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून त्यांना गावभर मिरवणारी ही माणसं. राजवीरनं पुढचं चित्र पडद्यावर आणलं, पण कुणी तिकडे बघेना. आणि मग शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी मागे न बघताच ओळखलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"पावणं, रागावू नका," आबा म्हणाले. "तुमच्याकडं जनावरं किती?"

राजवीर म्हणाला, एकही नाही.

"मग बराबर हाय."

आता मात्र सगळे हसले, राजवीरही. त्याचं कौतुक म्हणजे तो मंचावरून खाली उतरला, आबांपर्यंत चालत गेला आणि माइक त्यांच्यापुढे धरून त्यानं मनापासून विचारलं, की मग आजोबा, तुमची एक म्हैस आजारी पडली तर तुमच्या गिऱ्हाइकांचं काय होतं?

आबांना दुधाबद्दल कुणी विचारलं की ते थांबत नाहीत. दावणीला अकरा आहेत, म्हणाले, आणि अकराच्या अकरा नावानिशी. नाव नसेल तर खोड ध्यानात राहत नाही. कोण पाणी कमी पिते, कोण पावसात बिथरते, हे नंबरावरून कळायचं नाही. अकरातल्या चार धारेला, चार गाभण, तीन वाढत्या. एक आटायच्या आत दुसरी व्यालेली असते. सत्तेचाळीस घरांना रोज ठरलेलं दूध पोचतं, त्याला रतीब म्हणतात, आणि आपली आई वारली त्या दिवशीही तो चुकला नाही. राजवीर म्हणाला, आजोबा, नावाचं सोडलं तर मी तासभर हेच सांगतोय. तेवढ्यावर बसावं की नाही माणसानं. पण आबा म्हणाले, अजून एक हाय.

"आमची मैना म्हणून एक म्हस हुती. म्हातारी झाली, आटली. सा वर्सं दावणीला बसवून खायला घातलं, इकली न्हाय. पर ती आटाय लागली तवाच तिच्या वाटणीची घरं दुसरीवर घातली. म्हातारीला जीव लावावा, पावणं. तिच्या जिवावर रतीब घिऊ नये."

टाळ्या पडल्या. राजवीरनं आबांना वाकून नमस्कार केला आणि त्या गडबडीत फेटा एकदाचा खाली आला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. आदल्या दिवशीच्या त्या ओळीबद्दल आबांना काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी माझे कान तापले, लहानपणी न विचारता साय खाल्लेली पकडली जायची तेव्हा तापायचे तसे.

मधल्या सुट्टीत सगळे मसाला दूध प्यायले. मी ग्लास हातात धरून उभी राहिले आणि त्यावर साय धरली. मनात दोन्ही बाजूंनी वकिली चालू होती. एक बाजू म्हणत होती की ओळ कुणाला दिसत नाही, आजचा दिवस निभावून ने, सोमवारी काढून टाक, प्रीतीचं कंत्राट तुझ्या प्रामाणिकपणापेक्षा मोठं आहे. दुसऱ्या बाजूकडे फक्त आबांचं वाक्य होतं. प्रीती जवळ येऊन उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि लॅपटॉप जोडायला गेली.

सहाला मी उभी राहिले. संध्याकाळचं संकलन सुरू होऊन अर्धा तास झाला होता. मोठ्या पडद्यावर तीन यंत्रांच्या तीन पट्ट्या होत्या आणि कोपऱ्यात आलेल्या नोंदींचा आकडा चढत होता. चाळीस गावांत माणसं किटल्या घेऊन उभी होती आणि त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आपलं दूध राजारामपुरीत लोक बघत बसलेत. मी वीस मिनिटं बोलले. तुपाच्या वासाची खोली सांगितली, झेंडूच्या हाराची गोष्ट सांगितली, लोक हसले. पहिल्या रांगेत अमरसिंह साहेब हाताची घडी घालून बसले होते. तेही थोडे हसले, म्हणजे मिशी हलली.

मग यंत्र पाडायची वेळ आली. बोट कळीवर होतं. दाबलं असतं तर सगळं निर्विघ्न पार पडलं असतं. मागच्या रांगेत आबा कॅनचं झाकण मांडीवर घेऊन, मान उंच करून पडद्याकडे बघत होते. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण लेक काहीतरी मोठं करते आहे एवढा भाव तोंडावर स्पष्ट होता. मला ते तोंड बघवेना.

"थांबा जरा," मी म्हणाले. घाबरले की माझी शुद्ध भाषा गळून पडते. "मैना बाजूला न्हाय. नवीन अडलं तर नोंद तिच्याकडं जाईल अशी एक ओळ मी काल घातलीया. कुणाला न सांगता. ती आधी काढतो, मग यंत्र पाडतो."

आमच्याकडच्या मुली करतो, जातो असंच बोलतात. एरवी मंचावर मी सांभाळून असते. साहेबांच्या हाताची घडी सुटली. मी पडद्यावर सगळ्यांना दिसेल अशी ती ओळ उघडली आणि पुसली.

शेजारून प्रीती हळूच म्हणाली, "मॅडम, ती ओळ मी सकाळीच बघितलीया."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, तुम्हीच काढाल असं वाटलं. तिच्या जागी मी असते तर आकाशपाताळ एक केलं असतं.

मी लोकांना विचारलं, कुठलं पाडू. शिरोलीचे गृहस्थ म्हणाले, दोन. मी दोन नंबर पाडला.

पडद्यावरची मधली पट्टी लाल झाली. नोंदींचा आकडा एक हजार एकशे शहाऐंशीवर होता. तो तिथेच थांबला. एक सेकंद, दोन, तीन. चौथ्या सेकंदाला एरवी मैना धावून आली असती. आता कुणी नव्हतं. माझा हात आपोआप फोनकडे गेला. सात, आठ. अकराव्या सेकंदाला आकडा सत्त्याऐंशी झाला, मग एकदम एकोणीसनं वाढला, कारण खोळंबलेल्या नोंदी पाठोपाठ आत आल्या. दोन नंबरवरचे डबे एक आणि तीनवर उघडले होते. मी श्वास सोडला आणि तेवढ्यात माझा फोन वाजला.

मुरगूडचा बाबासो. तिथल्या संस्थेचा सचिव, चाळीसांतला सगळ्यात तोंडाळ. अट सगळ्यांना माहीत नव्हती, पण मला, प्रीतीला आणि साहेबांना माहीत होती. साहेबांनी बोटानं खूण केली, स्पीकरवर लाव. प्रीतीनं डोळे मिटले. मी लावला.

"म्याडम, तानूबाईचं म्हशीचं दूध नोंदताना माझ्याकडनं गाईत पडलंय. तेवढं बदला की."

मी विचारलं, पावती निघाली होती का?

"निघाली की. ती वाचूनच म्हातारी भांडाय लागलीया."

हॉल इतका हसला की बाबासोनं तिकडून विचारलं, लग्नात हाय व्हय तुम्ही. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. प्रीतीनं तिथल्या तिथे म्हशीचं दूध म्हशीत घातलं. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला मी लॅपटॉपची वायर उगाच नीट केली.

टाळ्या थांबल्यावर अमरसिंह साहेब उठले. माइक घेतला नाही, त्यांना लागत नाही. आधी मला झापलं. लपवलंस ते वाईट केलंस, म्हणाले, आणि काढलंस म्हणून ते चांगलं होत नाही. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं संपलं. पण ते उभेच राहिले.

"यंत्र पडलं, दुसरं उठलं. बघितलं मी," ते म्हणाले. "पर बाबासोचा फोन तुलाच आला. तू पडलीस तर कोण उठणार?"

अकरा वर्षं मी ज्याला जबाबदारी म्हणत आले ते एकट्या जिवावर घेतलेला रतीब होता. आणि तो मोडू नये म्हणून मी दुसऱ्या कुणाला दावणीजवळ येऊ दिलं नव्हतं, प्रीतीलासुद्धा नाही.

साहेबांनी नवी अट तिथेच सांगितली. पाडव्याच्या संध्याकाळी संकलन एकटी प्रीती बघेल. सचिवांकडे नंबर तिचा जाईल. मी त्या दिवशी संघाच्या फाटकात पाऊल टाकायचं नाही, की फोन करून विचारायचं नाही. ते निभावलं तर काम आमचं. नाहीतर मुंबईची कंपनी आहेच.

ती ओळ पुसायला एक क्षण लागला होता. हे दहा दिवस चाललं. मला जे जे माहीत होतं ते मी प्रीतीला सांगितलं आणि ती लिहीत गेली. कुठल्या सचिवाला उलट बोलायचं आणि कुणाला चुचकारायचं, पाऊस लागला की कुठल्या गावांची लाइन जाते, रविवारी कुठे दूध उशिरा येतं. एक वही भरली. निम्म्या गोष्टी तिला आधीच ठाऊक होत्या, बघून बघून शिकली होती. मी कधी विचारलं नाही म्हणून ती बोलली नव्हती. मधल्या सोमवारी मी मैना बंद केली. तिच्या अंगावर त्या वर्षीच्या खंडेनवमीचा वाळलेला हार होता, जाळीच्या बाजूला बांधलेला, माझ्या हुकमानं. पंखे थांबले आणि खोलीत शेजारच्या बेसिनचा नळ गळतो हे मला अकरा वर्षांनी ऐकू आलं. मी थोडी रडले. प्रीतीनं बघितलं आणि नळ घट्ट करायला गेली.

पाडव्याला गंगावेशीत सकाळपासून गडबड. म्हशी धुतल्या, तेल लावलं, शिंगं रंगवली, गळ्यात घुंगरं, कपाळावर कवड्या. मैनेची नात साळू, तिच्या शिंगांना आबांनी स्वतः मोरपिसं बांधली. संध्याकाळी सगळे गवळी आपापल्या म्हशी घेऊन रस्त्यावर आले, मोटारसायकलींच्या मागे म्हशी पळायला लागल्या, हलगी कडकडायला लागली. मी लहानपणी दर वर्षी त्यात असायचे. नोकरी लागल्यापासून एकदाही नव्हते, कारण पाडव्यालाही म्हशी दूध देतात.

साडेपाच वाजले. मी फोन काढून बघितला. रेंज होती. सहा वाजले, परत बघितला. आवाज पूर्ण वर होता, तरी हलगीत ऐकू येणार नाही म्हणून मी तो हातातच धरला. साडेसहा. सात. एकदा प्रीतीचं नाव काढून त्यावर अंगठाही ठेवला आणि अट आठवून उचलला. साडेसातला संकलन संपलं. मिनिटभरात तिचा दोन शब्दांचा निरोप आला. सगळं झालं. त्याच्याखाली काही नाही.

आबा साळूला पाणी दाखवत होते. माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाले, "वाजला न्हाय व्हय?"

"न्हाय."

"मग तोंड का पाडलंयस?"

मी खरं तेच सांगितलं. प्रीतीचं कंत्राट पक्कं झालं, काम आमचं राहिलं, मैनेशिवाय आणि माझ्याशिवाय चाळीस गावांचं दूध बिनबोभाट गेलं. आनंद होता, पण वाईटही वाटत होतं. ज्या फोनला अकरा वर्षं शिव्या घातल्या तो एकदा तरी वाजावा म्हणून मी दोन तास वाट बघितली होती.

आबा हसले नाहीत. बादली खाली ठेवली.

"तू जलमलीस तवा दोन दिस मी दवाखान्यात हुतो," ते म्हणाले. "रतीब भावानं घातला. तिसऱ्या दिशी मी गेलो, तर सत्तेचाळीसातल्या एका घरानंबी इचारलं न्हाय, सयाजी कुठं गेलतास म्हणून."

"मग?"

"मग काय. लई राग आला. घरला आलो आन् तुला मांडीवर घिऊन बसलो."

त्यांनी साळूचा कासरा माझ्याकडे दिला. मी फोन पर्समध्ये टाकला आणि कासरा दोन्ही हातांनी धरला.